शासन, उद्योग आणि सेवाभावी संस्था : भागीदारीचा तोल

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या निवेदनाचा मजकूर)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आम्ही वर्षाच्या जमाखर्चाचा गोषवारा सादर करीत असतो. तो याही अहवालात यथास्थित छापलेला आहे आणि सनदी लेखापालांनी त्यावर आपली मोहोर उमटविली आहे. आज मात्र आकड्यांच्या मागे असलेल्या एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या डायलिसिस कक्षाच्या विस्ताराचा प्रस्ताव सध्या विश्वस्त मंडळापुढे विचाराधीन आहे. त्यातील यंत्रे एका उद्योगसमूहाच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून मिळावयाची आहेत, प्रत्येक सत्राची रक्कम शासनाच्या आरोग्य योजनेतून यावयाची आहे, आणि जागा, मनुष्यबळ व दैनंदिन व्यवस्था आपल्या ट्रस्टने पाहावयाची आहे. तिघांनी मिळून एक लोकोपयोगी काम उभारावयाचे, ही कल्पना ऐकताक्षणी कोणासही आवडेल. तिला होकार देण्यापूर्वी मात्र कोणाचा भार कोणावर पडणार आणि कोणाच्या हाती काय राहणार, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

शेतावर किंवा यात्रेत तीन दगड मांडून चूल करतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन दगडांवर भांडे राहत नाही, तिसरा लागतोच. परंतु एक दगड उंच आणि एक बुटका झाला, तर आतील अन्न शिजण्याऐवजी सांडते. शासन, खासगी उद्योग आणि आपल्यासारख्या सेवाभावी संस्था यांचे नाते असेच आहे.

शासनाचा पल्ला मोठा आहे. करांतून येणारा पैसा, कायद्याचा आधार आणि गावोगावी पसरलेली यंत्रणा अन्य कोणाजवळ नाही. त्याच वेळी शासनाला सर्वांसाठी एकच नियम करावा लागतो, आणि नियमात न बसणारा माणूस खिडकीबाहेर उभा राहतो. उद्योगाजवळ भांडवल, तंत्रज्ञान आणि वेळेची शिस्त आहे. पण भांडवलाला परतावा हवा असतो, आणि तो मागणे हा उद्योगाचा दोष मानता येत नाही. सेवाभावी संस्थेजवळ लोकांचा विश्वास आहे, रुग्णाला नावाने ओळखण्याची सवय आहे, आणि नवे काही करून पाहण्याची मोकळीक आहे. तिची झेप मात्र तोकडी असते, आणि पुढील वर्षाची देणगी येईल की नाही याची चिंता तिला कायम वाहावी लागते.

महाराष्ट्राला अशी भागीदारी नवीन नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. गावातीलच स्त्रियांना, त्यांच्या शालेय शिक्षणाची अट न घालता, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्याचे काम तेथे झाले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्याची पद्धत ३९ गावांत राबविली. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हातून झालेल्या या कामामुळे तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केंद्र शासनाने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' कार्यकर्तीचे पद निर्माण केले, आणि २०११ साली घरोघरी जाऊन नवजात शिशूंची काळजी घेण्याचे काम तिच्याकडे सोपविले. स्वयंसेवी संस्थांनी गावात करून पाहिलेली गोष्ट अशा रीतीने देशभर गेली. संस्था स्वतः एवढा विस्तार करू शकल्या नसत्या, आणि एखाद्या खात्याने केवळ परिपत्रक काढून अशा पद्धतीचा शोध लावला नसता.

उद्योगाकडून काय घ्यावे, याचे उदाहरण तामिळनाडूतील मदुराई येथे आहे. शासकीय सेवेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून विनामूल्य शस्त्रक्रियांचा खर्च भागविण्याची रीत त्यांनी बसविली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसविण्याचे कृत्रिम भिंग तेव्हा परदेशातून येई आणि त्याची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर असे. तेव्हा १९९२ साली त्यांच्याच परिवारात 'ऑरोलॅब' हा भिंगे तयार करणारा कारखाना उभा राहिला आणि भिंगाची किंमत पुष्कळच खाली आली. हा कारखाना ना-नफा तत्त्वावरील, पण त्याची कार्यपद्धती, गुणवत्तेची तपासणी आणि उत्पादनखर्चावरील नजर ही अस्सल उद्योगाची. आम्हां वाणिज्य शाखेच्या लोकांना या उदाहरणात विशेष रस वाटतो, कारण उद्योगाकडून धनादेशाखेरीज त्याची शिस्तही घेता येते, हे त्यातून दिसते.

तिसरे उदाहरण १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचे. आंध्र प्रदेशात ऑगस्ट २००५ मध्ये ही सेवा सुरू झाली, ती सत्यम कंपनीच्या संस्थापकांनी उभारलेल्या ना-नफा संस्थेमार्फत. पुढे अनेक राज्य शासनांनी तिच्याशी करार केले आणि चालू खर्चाचा मोठा वाटा उचलला. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा हिशेबांतील गैरव्यवहार उघडकीस आला, तेव्हा या सेवेचे काय होणार, ही चिंता सर्वत्र व्यक्त झाली. परंतु गाड्या थांबल्या नाहीत. खर्चाचा भार शासनांवर होता, आणि त्याच वर्षी जीव्हीके या दुसऱ्या उद्योगसमूहाने संस्थेची धुरा घेतली. महाराष्ट्रातही जानेवारी २०१४ पासून ही सेवा शासन आणि खासगी संस्था यांच्या करारानुसार सुरू झाली. एक भागीदार कोसळला तरी रस्त्यावरच्या जखमीला गाडी मिळाली पाहिजे, एवढा धडा आम्ही यातून घेतो. कोणताही करार करताना भागीदार निघून गेल्यास पुढे काय, हे कलम आधी लिहावे, असे आमचे मत त्यामुळेच झाले आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. केंद्र शासनाने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा देशात दरवर्षी मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेले सुमारे २ लाख २० हजार नवे रुग्ण वाढतात आणि त्यांच्याकरिता सुमारे ३ कोटी ४० लाख सत्रांची अधिक गरज निर्माण होते, असा अंदाज मांडला होता. या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात जागा, वीज आणि पाणी शासनाने द्यावयाचे, तर यंत्रे, जलशुद्धीकरण संच, डायलायझर व अन्य साहित्य आणि प्रशिक्षित कर्मचारी खासगी भागीदाराने आणावयाचे, अशी वाटणी आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांचा खर्च शासन सोसते. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली होती, तिनेही या उपचाराचा भार पुष्कळ हलका केला. घर विकून डायलिसिस करणारी कुटुंबे आमच्या पिढीने पाहिली आहेत. त्या मानाने ही प्रगती मोठी आहे आणि तिचे श्रेय शासनास मनःपूर्वक दिले पाहिजे.

तरीही वर दिलेल्या आकड्यांचा भागाकार करून पाहावा. ३ कोटी ४० लाख सत्रांना २ लाख २० हजारांनी भागले, तर दर माणशी वर्षाला सुमारे १५५ सत्रे येतात. म्हणजे आठवड्याला तीन. हा अंदाज वैद्यकीय गरजेला धरून आहे. आता एक यंत्र घ्या. एक सत्र चार तासांचे, त्यानंतर स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण. दिवसाला तीन पाळ्या आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर एका यंत्रावर १८ सत्रे होतात. प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून तीन वेळा घेतले, तर या यंत्रावर सहा रुग्ण सांभाळता येतात. दोनच वेळा घेतले, तर नऊ. शासनाकडून मिळणारी रक्कम सत्रांच्या संख्येवर असल्याने दोन्ही पद्धतींत ती सारखीच येते. देणगीदार कंपनीच्या अहवालात तर 'नऊ लाभार्थी' हा आकडा सहापेक्षा अधिक शोभून दिसतो. फरक पडतो तो केवळ रुग्णाला. तिसरे सत्र हुकलेल्या माणसाच्या पायांवर सूज येते, रात्री आडवे झाले की दम लागतो, आणि हे कोणत्याही हिशेबाच्या वहीत उतरत नाही.

ज्याची नोंद तिन्ही वह्यांत होत नाही, त्याची काळजी कोणी करावयाची, हा आजचा खरा प्रश्न आहे. आमच्या मते ती जबाबदारी ट्रस्टची आहे. शासनाला सत्रांची संख्या मोजावीच लागते आणि कंपनीला लाभार्थ्यांची; रुग्ण कसा आहे हे मोजण्यास आपण मोकळे आहोत. किती जणांची सत्रे वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे पूर्ण झाली, किती जणांची मध्येच सुटली आणि का सुटली, किती जणांना संसर्ग झाला, किती जण कामावर परतले, हे आकडे पुढील वर्षापासून या अहवालात छापावेत, अशी आमची शिफारस आहे. ते नेहमीच सुखावणारे असतील असे नाही.

याच ओघात दुसरी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. प्रतिसत्र मोबदल्याच्या व्यवस्थेत रुग्ण यंत्रावर येत राहिला, तरच पैसा येतो. ज्याचे मूत्रपिंड मधुमेह आणि रक्तदाब वेळीच आटोक्यात ठेवल्यामुळे वाचले, त्याच्याबद्दल कोणी देयक सादर करीत नाही. ज्याला प्रत्यारोपणाने यंत्रापासून सुटका मिळाली, तो तर कक्षाच्या उत्पन्नातून वजाच होतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. प्रत्यारोपणास योग्य अशा प्रत्येक रुग्णाची तेथे नोंद करण्यास साहाय्य करणे आणि आसपासच्या गावांत लघवी, रक्तशर्करा व रक्तदाब यांच्या तपासणीची शिबिरे घेणे, हे काम कोणत्याही करारात आपोआप येणार नाही. ते आपणच आग्रहाने घातले पाहिजे. नव्या उपक्रमाचे यश कक्षातील गर्दीवर मोजू लागलो, तर आपण आजाराचेच भागीदार ठरू.

आता पैशाविषयी थोडे. आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये काही कर्तव्ये आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या आणि १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात, तसेच इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. दुसरीकडे कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची आहे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली.

दोन्हीकडे आकडा दोनच टक्क्यांचा असला, तरी त्यांची जात निराळी आहे. कंपनीचे दोन टक्के नफ्यावर आहेत. नफा घटला की तेही घटतात. आपले दोन टक्के देयकांवर आहेत. वर्षअखेर तूट आली तरी ते जमा करावेच लागतात. ही तक्रार नव्हे. गरिबांसाठी राखलेला वाटा आपल्या नफा-तोट्यावर अवलंबून नसावा, हे योग्यच आहे. परंतु भागीदारीत कोणाचे पाणी बारमाही आणि कोणाचे पावसावरचे, हे ओळखून पिकाची आखणी करावी लागते.

कंपन्यांच्या निधीला आणखी एक मर्यादा आहे. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे 'चालू प्रकल्प' म्हणून घेतलेल्या कामाची मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष वगळून तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराला असे आर्थिक वर्ष नसते. यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापण्यास मान्यवर उत्साहाने येतात, आणि त्यांचे स्वागत आहे; पण तंत्रज्ञाचा चौथ्या वर्षाचा पगार, जलशुद्धीकरण संचाचे पडदे बदलण्याचा खर्च, आणि पाणी यांसाठी फीत कापली जात नाही. एका सत्राला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते, आणि ते मिळविण्यासाठी त्याहून अधिक पाणी संचातून वाहून जाते. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाणी हाच भागीदारीचा चौथा पक्ष असतो. म्हणून यंत्रांची संख्या ठरविण्यापूर्वी पाण्याची आणि पाच वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद ठरवावी, ही आमची दुसरी शिफारस.

योजनांची रक्कम हाती येण्यास कधी कधी विलंब होतो. त्या काळात औषधविक्रेता थांबत नाही आणि वीज मंडळही थांबत नाही. या मधल्या काळासाठी देणगीदारांच्या साहाय्याने एक स्वतंत्र राखीव निधी उभारावा, ही तिसरी शिफारस. भिंतीवर नाव कोरता येईल अशी ही देणगी नव्हे, याची आम्हांला जाणीव आहे. तथापि, ती असल्यास देयक थकले म्हणून कोणा रुग्णाचे सत्र पुढे ढकलावे लागणार नाही.

चौथी गोष्ट नाजूक आहे. पण आपुलकीच्या नात्याने ती बोलून दाखवितो. यंत्रे थोडी आणि गरजू पुष्कळ असले की प्रतीक्षायादी होते. यादी झाली की शिफारसपत्रे येऊ लागतात. ती लोकप्रतिनिधींची असतात, अधिकाऱ्यांची असतात, आणि देणगीदारांचीही असतात. प्रत्येक पत्रामागे एक खरा रुग्ण आणि खरी कळकळ असते, याबद्दल आम्हांला शंका नाही. पण शिफारशीने एक जण पुढे सरकला की कोणीतरी मागे जातो, आणि मागे जाणारा बहुधा तोच असतो, ज्याच्यासाठी पत्र लिहिणारे कोणी नसते. धर्मादाय हा शब्द त्याच्यासाठी आहे. म्हणून क्रम ठरविण्याचा अधिकार केवळ डॉक्टरांकडे असावा, तो लेखी निकषांवर चालावा, आणि यादीतील आपला क्रम रुग्णाच्या नातेवाइकांना केव्हाही पाहता यावा, असे आम्ही सुचवितो. शासनाने, कंपनीने किंवा देणगीदाराने काहीही दिले असले, तरी त्या बदल्यात कक्षातील खाट मागू नये. करारात हे कलम स्पष्ट शब्दांत घालावे लागेल, आणि ते मान्य नसलेल्या भागीदाराचे आभार मानून थांबण्याची तयारीही ठेवावी लागेल.

पाचवी व शेवटची शिफारस अशी की, या कक्षाच्या देखरेख समितीवर तिन्ही भागीदारांच्या प्रतिनिधींबरोबर रुग्णांच्या कुटुंबीयांपैकी दोघे असावेत, आणि त्यांपैकी एक स्त्री असावी. आठवड्यातून तीन वेळा एस.टी.ने रुग्णाला आणणारी, त्यासाठी तीन दिवसांची मजुरी बुडविणारी व्यक्ती या उपक्रमात सर्वांत मोठी गुंतवणूक करीत असते. पहाटेच्या पाळीला गावाहून गाडी मिळत नाही, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात येण्यापूर्वी तिच्या लक्षात आलेली असते.

आम्ही मांडलेल्या अटींमुळे काम लांबेल, दाराशी आलेली देणगी कदाचित परत जाईल, आणि तोवर रुग्ण ताटकळत राहतील, असा आक्षेप काही सदस्यांनी यापूर्वीच्या चर्चेत घेतला आहे. तो वजनदार आहे. आज यंत्र नसल्याने दूरच्या शहरात जाणाऱ्या रुग्णाला आपल्या कलमांचे काय कौतुक? यावर आमचे उत्तर असे की, चालू खर्चाची हमी असलेली थोडीच यंत्रे आधी सुरू करावीत आणि उरलेली टप्प्याटप्प्याने घ्यावीत. डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णाला आपण मध्येच 'आता नाही' म्हणू शकत नाही. थोड्यांना दिलेले आश्वासन अखेरपर्यंत पाळणे आणि तेवढ्यावर न थांबता पुढील टप्प्यासाठी झटणे, हा मार्ग संथ असला तरी आम्हांला सुरक्षित वाटतो.

शासनाशी आमचा संवाद सौहार्दाचा आहे, उद्योगसमूहाने दाखविलेली आस्था खरी आहे, आणि देणगीदारांनी आजवर दिलेला आधार तर या वास्तूच्या पायातच आहे. या तिघांपैकी कोणाचाही दगड काढून चूल पेटणार नाही. त्यांची उंची सारखी करण्याचे काम मात्र आपल्याला, म्हणजे विश्वस्तांना आणि प्रशासनाला, करावयाचे आहे. प्रस्तावाचा मसुदा या पाच शिफारशींसह विश्वस्त मंडळास सादर केला आहे. त्यावर आपण सर्वांनी आपली मते, अनुकूल असोत वा प्रतिकूल, लेखी कळवावीत. रुग्णांच्या नातेवाइकांनी ती बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर तोंडी सांगितली तरी आमचे कर्मचारी लिहून घेतील.